उबंटू राउटर: पिंग लागतो, पण काही साइट्स उघडतच नाहीत

प्रश्न:
जुन्या पीसीत दोन लॅन कार्डं टाकून उबंटू सर्व्हर २४.०४ चढवलाय. फायबरचा ओएनटी (मोडेम) ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे नुसता पॅकेटं पुढे ढकलतो; पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून होणारी जोडणी) पीसीच डायल करतो. घरातलं नेटवर्क १९२.१६८.५०.०/२४, एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) मास्करेड, म्हणजे सगळ्या मशीन एकाच बाहेरच्या पत्त्याने जातात, आयपी फॉरवर्डिंग चालू. लॅपटॉपवरून ८.८.८.८ ला पिंग लागतो. पण डीएनएसमास्क (घरातल्या मशीनना डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता, देणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही, डीएनएसच्या पोर्ट ५३ साठी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणतो. लॅपटॉपला हाताने १.१.१.१ हा डीएनएस दिला तर काही साइट्स झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. राउटर पीसीवर मात्र त्याच साइट्स नीट चालतात.

प्रतिसाद १:
पोर्ट ५३ वर सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड (उबंटूची स्वतःची डीएनएस सेवा) बसलाय, १२७.०.०.५३ या पत्त्यावर. डीएनएसमास्कला काही सांगितलं नसेल तर तो सगळ्याच पत्त्यांवर पोर्ट धरायला जातो, म्हणून टक्कर. रिझॉल्व्ह्ड बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळेल, गरज नाही. डीएनएसमास्कच्या कॉन्फिगमध्ये ‘इंटरफेस=’ पुढे घराच्या बाजूच्या कार्डाचं नाव आणि खाली ‘बाइंड-डायनॅमिक’ लिहा. ‘बाइंड-इंटरफेसेस’नेही चालतं, पण बूट होताना कार्ड तयार व्हायच्या आधी डीएनएसमास्क उठला तर पडतो. सोबत ‘नो-रिझॉल्व्ह’ आणि ‘सर्व्हर=१.१.१.१’ टाका, म्हणजे तो पुढे थेट १.१.१.१ लाच विचारेल.

प्रतिसाद २:
साइट्स अडकतात तो दोष डीएनएसचा नाही, एमटीयूचा (लाइनवर मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या मापाचा) आहे. इथरनेटच्या १५०० बाइटांतले ८ पीपीपीओई खातो, उरतात १४९२. लॅपटॉपला हे ठाऊक नसतं. तो एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा चालेल ते) १४६० सांगतो, त्यामुळे सर्व्हर १५०० बाइटांचं पॅकेट पाठवतो आणि ते लाइनवर मावत नाही. ‘लहान पाठव’ हा आयसीएमपी निरोप मधल्या एखाद्या फायरवॉलने गिळला, की सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. राउटर पीसी स्वतः जोडणी करतो तेव्हा १४५२ सांगतो, म्हणून तिथे अडत नाही.

खात्रीसाठी लॅपटॉपवरून ‘पिंग -एम डू -एस १४६४’ करून पाहा. १४६४ जाईल (२८ हेडरचे धरून १४९२), १४६५ अडेल.

उपाय एका ओळीचा, एमएसएस लाइनपुरता कमी करणारा, एनएफटेबल्सच्या फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटांचे नियम): ‘टीसीपी फ्लॅग्ज सिन टीसीपी ऑप्शन मॅक्ससेग साइझ सेट आरटी एमटीयू’. ही ओळ ‘एस्टॅब्लिश्ड ॲक्सेप्ट’च्या (चालू जोडण्यांना लगेच सोडणाऱ्या नियमाच्या) वरच हवी. खाली ठेवलीत तर सर्व्हरकडून येणारं सिन-ॲक (जोडणीला होकार, ज्यात सर्व्हरचा एमएसएस असतो) आधीच पास होतं आणि मोठे अपलोड लटकू शकतात.

प्रतिसाद ३:
इनपुट चेनही (खुद्द राउटरकडे येणाऱ्या पॅकेटांचे नियम) तपासा. घराच्या बाजूने ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडे हवेत, डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते) देणार असाल तर यूडीपी ६७ सुद्धा. पीपीपी० (इंटरनेटची बाजू) वरून येणारं ५३ मात्र ड्रॉप करा. कोणालाही उत्तर देणारा उघडा रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हर) दिसला की लोक त्याच्या आडून दुसऱ्यांवर हल्ले चढवतात. आणि घरातल्या मशीनना ‘.लोकल’ डोमेन देऊ नका, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय घरातल्या मशीनची नावं शोधायची पद्धत) राखीव आहे. ‘होम.आर्पा’ वापरा.