इंटरॅक्टिव्ह पॅनेलवर नेहमीचं पॉवरपॉइंट, एक्सेल, वर्ड नीट कसं चालवायचं?

फळा_नवा
वर्गातल्या ७५ इंची टच पॅनेलला विंडोज ११ चा लॅपटॉप एचडीएमआय आणि यूएसबी केबलने जोडलेला आहे. सगळे पाठ पॉवरपॉइंट, एक्सेल आणि वर्डमध्ये तयार असल्यामुळे बोर्डसोबतचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही. तीन ठिकाणी अडतंय. डिस्प्ले एक्स्टेंड केला (लॅपटॉप आणि पॅनेल वेगवेगळ्या स्क्रीन म्हणून वापरले) की बोट पॅनेलवर टेकवलं तरी क्लिक लॅपटॉपच्या स्क्रीनवर होतं. स्लाइड शोमध्ये मुलांना शब्दांच्या पट्ट्या ओढून जागेवर लावता येत नाहीत. आणि एक्सेलमध्ये बोटाने नेमका सेल पकडता येत नाही.

तारजोडणी
एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज जातो, स्पर्श जातो यूएसबीतून. हा स्पर्श कुठल्या स्क्रीनचा ते विंडोजला कळत नाही, म्हणून तो मुख्य स्क्रीनवर टाकला जातो. एक्स्टेंड चालू ठेवूनच कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज उघडा, सेटअप दाबा, टच इनपुट निवडा. स्क्रीन पांढरी होऊन सूचना येते. ती लॅपटॉपवर दिसली तर एंटर दाबून पुढे जा. पॅनेलवर दिसली की तिथे बोट टेकवा. यूएसबी पोर्ट बदललात तर हे पुन्हा करावं लागू शकतं, त्यामुळे पोर्ट ठरवून घ्या.

पेनची रेघ बोटामागून रखडत येत असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) बघा. जुन्या एचडीएमआय पोर्टवर ३८४० × २१६० ला ३० हर्ट्झच मिळतात. १९२० × १०८० ठेवून ६० हर्ट्झ घ्या, लिहिताना फरक लगेच जाणवतो. स्पर्श मध्येच तुटत असेल तर केबलची लांबी मोजा: साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह केबल लागते.

प्रोजेक्टरवाला बोर्ड असेल आणि रेघ बोटापासून सरकून उमटत असेल तर प्रोजेक्टर हललाय. कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्श आणि चित्र जुळवणं, पुन्हा करा.

स्लाइडवाला
स्लाइड शोमध्ये वस्तू ओढता येत नाहीत, पॉवरपॉइंटची रचनाच तशी आहे. ओढायचे खेळ नॉर्मल व्ह्यूमध्येच (स्लाइड तयार करतो त्या स्क्रीनवर) घ्या. कंट्रोल + एफ१ ने रिबन (वरची बटणं) मिटवा, नोट्स बंद करा, डावीकडची छोट्या स्लाइड्सची पट्टी अरुंद करा. पॅनेल बऱ्यापैकी मोकळं होतं.

खरी गडबड पुढे होते. मूल पट्टीवर बोट ठेवतं, बोट अक्षरांवर पडतं, कर्सर लुकलुकायला लागतो आणि पट्टी जागची हलत नाही. पट्टी हा टेक्स्ट बॉक्स आहे, म्हणून असं होतं. पट्टी कट करा, कंट्रोल + ऑल्ट + व्ही दाबा आणि पीएनजी निवडून चिकटवा. चित्र झालं की कुठेही धरून ओढता येतं. तक्ता, चौकटी, शीर्षक असं जे हलायला नको ते स्लाइड मास्टरच्या (स्लाइडमागच्या साच्याच्या) लेआउटमध्ये टाका.

फाइल पॉवरपॉइंट टेम्पलेट म्हणून सेव्ह करा. डबल क्लिक केलं की दर वेळी नवी प्रत उघडते आणि पुढच्या वर्गासाठी पट्ट्या मूळ जागीच मिळतात.

लिहिण्यासाठी मात्र स्लाइड शोच बरा. कंट्रोल + पी पेन, कंट्रोल + ए बाण, ई दाबलं की त्या स्लाइडवरचं लिखाण साफ, डब्ल्यूने कोरी पांढरी स्क्रीन. पेन चालू असताना टेकवल्याने स्लाइड पुढे जात नाही, पेज डाउन वापरा.

आलेख_बघा
एक्सेलमध्ये झूम २०० टक्के आणि ओळींची उंची ४० ठेवा. क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये टच मोड निवडलात की रिबनची बटणंही सुटी होतात.

पण पॅनेलवर एक्सेलचा खरा उपयोग आकडे भरण्यात नाही, आलेख हलवून दाखवण्यात आहे. डेव्हलपर टॅब चालू करून फॉर्म कंट्रोलमधला स्क्रोल बार घ्या, चांगला रुंद ओढा आणि सी१ सेलला जोडा. तो ० ते ३०००० मधल्या पूर्ण संख्याच देतो. ऋण आणि दशांश हवे असतील तर कमाल किंमत १०० ठेवून शेजारच्या सेलमध्ये =(सी१-५०)/१० असं सूत्र द्या; -५ ते ५ मिळतात. ही किंमत रेषेचा चढ धरून आलेखात रेषा काढा.

अक्षांची किमान-कमाल किंमत स्वतः ठरवून द्या, ती ऑटोवर सोडू नका. नाहीतर चढ २ चा ४ केला तरी अक्ष आपोआप ताणला जातो, रेषा होती तशीच दिसते आणि जे दाखवायचं तेच मुलांना दिसत नाही.

तारजोडणी
वर्डबद्दल थोडं. ड्रॉ टॅबमधून लिहिलेलं परिच्छेदाला बांधलेलं असतं. वर एखादी ओळ वाढवली की अधोरेखन भलत्याच शब्दाखाली जातं. मजकूर बदलायचा नसेल तर पीडीएफ करून एज ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथलं ड्रॉ वापरा. मराठी टाइप करायचं असेल तर वायरलेस कीबोर्ड जवळ ठेवा, विंडोज + स्पेसने भाषा बदलते. राइट क्लिकसाठी बोट क्षणभर दाबून धरा.

फळा_नवा
स्पर्श पॅनेलवर आला, पट्ट्याही ओढता येतात. फक्त चित्र केल्यावर अक्षरं धूसर दिसतात.

स्लाइडवाला
लहान चित्र ताणून मोठं केलं की असं होतं. मूळ पट्टी हवी त्याच्या दुप्पट आकाराची करा, मग चित्र करून निम्म्यावर आणा.