बी१२ कमी आलंय, फॉलिक ॲसिड घेतलं तर चालेल का?

प्रश्न: आईच्या तळपायाला सारख्या मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही, रिपोर्टमधे बी१२ खूप कमी आलंय. घरात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, त्याच देऊ का?

उत्तर: ताई, नुसतं फॉलिक ॲसिड अजिबात नको!! त्याने रक्त सुधारलेलं दिसतं पण आतून नसांचं नुकसान चालूच राहतं, नसांवरचं मायलिनचं आवरण टिकवायला बी१२च लागतं. लगेच डॉक्टरांना दाखवा.

उत्तर: काकू शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात का? बरीच वर्षं घेतली की बी१२ नीट शोषलं जात नाही. बाबांचं तेच झालेलं, गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम पण तेवढंही अंगी लागेना, इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठे शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले.

प्रश्नकर्ती: हो, मेटफॉर्मिन चालूये! उद्याच नेते तिला.