पोथीतील साक्ष आणि पिकाचा पंचनामा

'लीळाचरित्र हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे चरित्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून लिहिले गेले, म्हणून त्यातील अलौकिक प्रसंगही सिद्ध होतात', असे या चर्चेत मांडले गेले आहे. यातला पहिला भाग मला मान्य आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे ग्रंथकर्ते म्हाइंभट यांनी १२७८च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून मिळवल्या. मूळ पोथी धाडीत गेल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, आणि आठवणी जुळल्या नाहीत तेथे पाठभेद लपवले नाहीत. त्या काळातील बोली, प्रवासाच्या वाटा आणि जातिव्यवहार यांसाठी असा पुरावा दुर्मीळ आहे.

मात्र आठवण प्रामाणिक असणे आणि घटनेचा लावलेला अर्थ खरा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा नोंदलेला असला तरी नुकसानभरपाईसाठी बांधावर येऊन पंचनामा करावाच लागतो (तोही कधी कधी घरबसल्या होतो, हे निराळे). शिवाय प्रत्येक पंथाची पोथी आपापले चमत्कार सांगते. ग्रंथ हाच पुरावा मानायचा तर ते सारेच स्वीकारावे लागतील, आणि तशी तयारी येथे कोणाचीच दिसत नाही.

हा आक्षेप केवळ आजच्या नास्तिकांचा आहे, असेही नाही. श्रुतीला, म्हणजे वेदवचनांना, प्रमाण मानणाऱ्या शंकराचार्यांनीच गीताभाष्यात म्हटले आहे की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही. त्यांच्या मते श्रुतीचा अधिकार इंद्रियांना न कळणाऱ्या विषयांपुरता आहे. आणि चमत्कार तर डोळ्यांना दिसला, असाच दावा असतो.