लाइनवर पुन्हा चुकीचं लेबल. रूट कॉजमध्ये (मूळ कारणाच्या रकान्यात) 'मानवी चूक' याच्यापुढे काय लिहू?

पॅकिंग_बी_शिफ्ट:
औषधांच्या पॅकिंग लाइनवर शिफ्ट इनचार्ज आहे. गेल्या आठवड्यात २५० मिग्रॅच्या बाटल्यांना ५०० मिग्रॅची लेबलं लागली. गोदामातच पकडलं, माल बाहेर गेला नाही, पण डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं काय आणि का घडलं याचा अहवाल, माझ्या गळ्यात पडलाय. हाच प्रकार याआधी दुसऱ्या ऑपरेटरच्या हातून झाला होता. तेव्हा 'ऑपरेटरची मानवी चूक' आणि 'पुन्हा प्रशिक्षण दिले' एवढं लिहून फाइल बंद केली गेली. या वेळचा ऑपरेटर लाइनवरचा सगळ्यात मुरलेला माणूस. एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरलेली पद्धत, त्याला तोंडपाठ. त्याला परत वर्गात बसवून शिकवू काय? वरून निरोप आहे की मेमो द्या आणि विषय मिटवा. लेबलांचा रोल बदलताना ऑपरेटर आणि तपासनीस दोघांच्या सह्या असतात, तरी सुटलं. अशा चौकशा केलेलं कोणी असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू?

जुना_फिटर:
तोंडपाठ आहे म्हणालात, तिथेच प्रशिक्षणाचा रकाना निकालात निघाला. ज्याला माहीत नाही त्याला शिकवायचं. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकांची फोड करून ठेवली आहे: ठरवलं बरोबर पण हात भलतीकडे गेला, मधली पायरी विसरली, मुळात ठरवलं तेच चुकलं, आणि चौथं म्हणजे नियम माहीत असून मोडला. चारही दुखण्यांना औषध वेगळं. पहिली दोन तर मुरलेल्या माणसालाच जास्त गाठतात, कारण त्याचे हात लक्ष न देताही चालतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) मिटायला जायचा आणि मिटायची चाकं. कागदावर अर्थात 'वैमानिकाची चूक'. १९४३ मध्ये अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि अगदी सारखे. दुसऱ्या एका विमानात ते वेगळे होते, तिथे ही भानगडच नव्हती. त्याने चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीच्या आकाराचा तुकडा. न बघताही हाताला फरक कळू लागला. प्रवासी विमानांत ते आकार आजही तसेच असतात.

तेव्हा रिपोर्ट लिहायला बसण्याआधी लाइनवर जा, तेही रात्रपाळीत. दोन्ही रोल हातभर अंतरावर धरून बघा. रोल बदलताना आजूबाजूला काय चाललेलं असतं ते बघा. आणि तपासनीस सही कधी करतो हे त्याला विचारू नका, उभं राहून पाहा. विचारलंत तर एसओपी ऐकायला मिळेल.

दोन सह्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पहिला म्हणतो दुसरा बघेल, दुसरा म्हणतो पहिल्याने बघितलंच असेल. लंडनला क्लॅपहॅम जंक्शनजवळ १२ डिसेंबर १९८८ रोजी गाड्या आदळून ३५ माणसं गेली. सिग्नलच्या कामात एक जुनी तार न कापता तशीच सोडली होती, ती परत संपर्काला लागली आणि सिग्नल लाल व्हायला हवा तेव्हा झाला नाही. त्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. दुसऱ्या माणसाने तारा मोजून बघायची पद्धत होती, ती मोजणी झालीच नाही.

क्यूए_मधली:
दादा, सगळं मान्य. पण उद्या जो तो 'सिस्टिमची चूक' म्हणून हात झटकेल, त्याचं काय? आमच्याकडे एकाने सेन्सरवर चिकटपट्टी लावून मशीन चालवलं होतं. त्याला काय हार घालायचा?

जुना_फिटर:
हार नको, पण पट्टी का लावावी लागली ते विचाराल की नाही? सेन्सर उगाचच मशीन थांबवत असेल आणि वर उत्पादनाच्या आकड्यावरून रोज बोलणी बसत असतील, तर पुढचा माणूसही पट्टी लावणार. म्हणून सोपी कसोटी अशी: तितकाच शिकलेला, तितकाच दमलेला दुसरा माणूस त्या जागी उभा केला तर तो काय करेल? तोही तेच करणार असेल, तर माणसाला धरून उपयोग नाही. यांच्या लाइनवर दुसरा माणूस उभा राहून झालाच आहे. दारू पिऊन आला, मुद्दाम नोंद खोटी केली, तिथे खुशाल कारवाई करा.

पॅकिंग_बी_शिफ्ट:
रात्री जाऊन उभा राहिलो. दोन्ही लेबलांवर तोच निळा पट्टा, तोच फॉन्ट, मिग्रॅचा आकडा कोपऱ्यात बारीक. आदल्या बॅचचा अर्धा उरलेला रोल स्टोअरला परत न जाता मशीनखालच्या फळीवरच होता. त्या दिवशी रोल बदलत असताना झाकणं बसवणारं मशीन अडकलं, ऑपरेटर तिकडे पळाला आणि परत येऊन हाताशी होता तो रोल चढवला. तपासनीस सगळ्या सह्या शिफ्ट संपताना एकदम करतो, कारण त्याच्याकडे तीन लाइन आहेत. आणि बारकोड स्कॅनर बायपासवर! चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि तो चांगली लेबलंही फेकतो, म्हणून कोणीतरी कधीचा बंद केलाय.

क्यूए_मधली:
स्कॅनर बायपासवर असेल तर माझे शब्द मागे. पण नुसतं 'बायपास बंद करा' लिहू नका, आधी ती तिरीप घालवा. खोटे इशारे येत राहिले की खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी बघत नाही. ८ डिसेंबर २००५ ला टोकियोच्या बाजारात मिझुहो सिक्युरिटीजमध्ये १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता, ऑर्डर गेली ६,१०,००० शेअर १ येनला. पडद्यावर इशारा आला होता, रोजचाच म्हणून पुढे ढकलला. नंतर ऑर्डर रद्द करायला गेले तर बाजाराची यंत्रणाच रद्द करू देईना. सुमारे ४० अब्ज येनचा फटका बसला.

आणि लाइन क्लिअरन्सची, म्हणजे नवी बॅच लावण्याआधी जुनं सगळं लाइनवरून हटवल्याची, नोंद काढा. उरलेला रोल फळीवर असताना 'लाइन रिकामी' अशी सही आहे का ते बघा. लेबलांचा हिशोबही तपासा: दिलेली, लागलेली, फाटलेली, परत आलेली. तो त्याच रात्री जुळवला असता तर माल गोदामापर्यंत गेलाच नसता.

जुना_फिटर:
आता रकाने आपोआप भरतील. स्कॅनरचा कोन आणि दिवा दुरुस्त करा, मग बायपासची किल्ली मेंटेनन्सकडे द्या. चुकीचा कोड दिसला की लाइन थांबलीच पाहिजे, नुसता दिवा लागून भागत नाही. मशीनखालची फळी काढूनच टाका, फळी असली की त्यावर काहीतरी ठेवलं जातंच. रोल बदलताना मध्येच उठावं लागलं तर परत येऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात, हे एसओपीत घाला. तपासनीसाची सही नंतर नको. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, तसं त्याने रोल चढतानाच आकड्यावर बोट ठेवून 'दोनशे पन्नास' म्हणायचं. तीन लाइन एकाच्या गळ्यात घालून हे होणार नाही, तेही रिपोर्टात लिहा, वरच्यांना आवडो न आवडो.

लेबलाचा रंग बदलायला वेळ लागेल. मार्केटिंगला सगळी लेबलं एका घराण्यातली दिसायला हवी असतात. त्यांच्या बैठकीला जाल तेव्हा दोन्ही रोल घेऊन जा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि ५०० चा कुठला ते त्यांनाच विचारा.