फॉरेस्ट प्रिझर्व्हमधले (शिकागोभोवतालच्या राखीव जंगलांतले) तुमचे अनुभव (शिकागोकर, या!)

पिंपळपान
सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते, तर वरून सँडहिल क्रेन्स (क्रौंच पक्षी) गेले. तो गर्र्र आवाज आधी येतो, थवा नंतर सापडतो. एकदम बाबा आठवले. सहा महिन्यांसाठी आले होते. सबर्बात ना रिक्षा, ना नाका. "स्थानबद्ध केलंत मला" म्हणायचे. मग घरामागचं प्रिझर्व्ह सापडलं आणि माणूसच बदलला. एकदा मला मुद्दाम नेऊन पायवाटेकडेच्या गवतात पाडस दाखवलं. पाठीवर पांढरे ठिपके, कान मागे चिकटवून मुटकुळं केलेलं, नाकावर माशी बसली तरी ढिम्म. मी म्हटलं, आईने टाकलंय, कुणाला तरी फोन करूया. बाबा म्हणाले, "चरायला गेलीये ती. आपण इथे उभे आहोत तोवर यायची नाही. चल." संध्याकाळी जागा रिकामी होती.
लिहा तुम्हीपण. प्राणी दिसलाच पाहिजे असं नाही.

भटकभवानी
मे-जूनमध्ये तळ्याकाठी जाणाऱ्यांनो, टोपी घाला!! रेड विंग्ड ब्लॅकबर्ड. खांद्यावर लाल-पिवळे बिल्ले, पाणकणसांत घरटं, आणि टाळक्यावर टोच. नवऱ्याला मात्र सोडलं. टकलावर चोच घसरत असणार.

शेंगदाणा
@भटकभवानी नवरा हा धागा वाचतो का? :ड

मोरपंखी२
पिंपळपान, बाबांचं वाचून भरून आलं. आमच्या साबांनी (सासूबाईंनी) गार्लिक मस्टर्डचं पान चुरगळून वास घेतला, "लसूण! चटणी होईल." म्हटलं इथे काही खुडायला बंदी आहे. पुढच्या वळणावर स्वयंसेवक तेच तण उपटून पोती भरत होते. (युरोपातून आलंय, इथली रानफुलं गिळतं.) साबा अजून विचारतात, त्यांना बरं चालतं?

धोपटमार्ग
रेड गेट वुड्सला कुणी गेलंय का? जगातली पहिली अणुभट्टी, १९४२ ची, शिकागो विद्यापीठातली. ती १९४३ मध्ये तिथे नेऊन पुन्हा उभारली आणि शेवटी तिथेच पुरली. झाडीत एक दगड आहे, त्यावर "खणू नका" लिहिलंय आणि खाली "येणाऱ्यांना धोका नाही". मुलगा म्हणाला, मग लिहिलं कशाला? मला उत्तर सुचलं नाही. बाकी चालायला वाट झकास, ओकच ओक.

शेंगदाणा
बसी वूड्सचे एल्क (मोठी हरणं) राहिलेच. १९२५ मध्ये यलोस्टोनहून आणले होते, तेव्हापासून कळप आहे. कुंपणाआड असतात, पण दिसतात. आमची धाकटी गाडीतून उतरायलाच तयार नाही, "झू आहे का हा?" झू नाही म्हटलं तर इंटरेस्ट संपला.

निवांत
२०२४ च्या सिकाडांत (किर्र करणारे किडे) गेलो होतो. सतरा वर्षांनी जमिनीतून वर आलेले. इतका कल्ला की बायकोशी खुणांनी बोलत होतो. सुखाचे दिवस.

मोरपंखी२
गोचीड चिकटली तर काय करता? कालच लेकाच्या पोटरीवर सापडली. आई फोनवर म्हणतेय रॉकेल लाव.

धोपटमार्ग
रॉकेल, तेल, काडी काही नको. बारीक टोकाचा चिमटा, कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढ, पिळायचं नाही. मग साबण-पाणी. पुढच्या काही आठवड्यांत पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टर.

मोरपंखी२
निघाली! थँक्यू. भुवयांचा चिमटा कामी आला, आता नवीन घ्यावा लागणार.

भटकभवानी
@शेंगदाणा नवरा धागा वाचतो. मघाशीच विचारत होता, शेंगदाणा कोण.