मादाम कामांचा १९०७ चा झेंडा शिवतेय, सोसायटीत लावला तर चालेल ना?

फॉलपिको_ऐरोली: मी घरीच ब्लाउज, फॉल-पिकोची कामं करते. आमच्याकडे १५ ऑगस्ट म्हणजे दरवर्षी तेच ते, झेंडावंदन, दोन गाणी आणि वडापाव. यंदा महिला मंडळाने माझ्या गळ्यात घातलंय की भिकाजी कामांनी जर्मनीत फडकवला तो झेंडा शिवून दे. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ कमळं. मधे केशरी पट्ट्यावर 'वंदे मातरम्', खाली लालवर सूर्य आणि चंद्रकोर. कमळं कापूनही झाली. आता सेक्रेटरी म्हणतात, तिरंग्याशिवाय दुसरा झेंडा लावलात तर पोलीस येतील. वर एक काका म्हणाले, सीएसटीजवळ त्या बाईंचं हॉस्पिटल आहे, तिथे जाऊन माहिती काढा. खरं काय? आणि अक्षरं कशी लावू? एकेरी कापडावर पॅच मारला तर मागून उलटी दिसतील.

पाचपाखाडीचे_आजोबा: सेक्रेटरींना सांगा, पोलीस येत नाहीत. ध्वजसंहिता एवढंच म्हणते की तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीने शेजारी दुसरा झेंडा नको. तेव्हा खांबापासून लांब, हॉलमध्ये भिंतीवर लावा.

हॉस्पिटलचं मात्र काकांना समजावा. कामा हॉस्पिटल पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलं, १८८६ मध्ये. भिकाजीबाईंचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांच्या नावाचा रस्ता आहे तो मंत्रालयाजवळ, मादाम कामा रोड. तिथून रोज हजारो लोक जातात, पण बाई कोण होत्या विचारलं तर गप्प.

आणि कार्यक्रम १५ लाच कशाला? बाई गेल्या १३ ऑगस्ट १९३६ ला, मुंबईतच. झेंडा फडकवला २२ ऑगस्ट १९०७ ला, श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत. हॉलमधल्या प्रतिनिधींना त्यांनी उभं राहून त्याला सलामी द्यायला लावली होती. मला विचाराल तर १३ ला संध्याकाळी करा. १५ ला सगळ्यांचं लक्ष वडापावकडे.

घणसोली_टेलर: अक्षरांसाठी झेंडा दुहेरी करा ताई. दोन्ही बाजूंची अक्षरं आपापल्या कापडावर आधी लावून घ्या, मग दोन्ही कापडं जोडा. अक्षरांखाली पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार मुडपतात. लाल कॉटन असेल तर आधी पाण्यात भिजवून रंग जातो का बघा. पावसाळी हवेत रंग केशरीवर उतरला तर सगळी मेहनत पाण्यात. कापड ठाण्यात जांभळी नाक्याला बघा.

नेरूळकर_वहिनी: झेंड्यावर सगळं श्रेय एकट्या बाईंना देऊ नका हं, तो आखण्यात सावरकरांसारखे मित्रही होते. पण परक्या देशात, भरसभेत तो उंचावायची छाती बाईंची. नवरा इंग्रजांच्या बाजूचा वकील, माहेर श्रीमंत. आरामात बसून राहिल्या असत्या. १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःलाही प्लेग झाला होता. पुढे पॅरिसहून 'बंदे मातरम्' पत्र चालवलं, ते पाँडिचेरीमार्गे चोरून आत यायचं. मुलांना हे सांगा, नुसता फोटोला हार घालून भागणार नाही. त्यांचा झेंडा पुढे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला, पुण्यात केसरीवाड्यात आहे. कमळं शिवण्याआधी एकदा बघून या.

फॉलपिको_ऐरोली: आजोबा, १३ चं पटलं, मंडळालाही पटेल. वहिनी, पुण्याला नणंद असते, तिला फोटो काढून पाठवायला सांगते. टेलरदादा, दुहेरीच करते, पण मग कापड दुप्पट लागणार. त्याचे पैसे मंडळाकडून घेऊ की वर्गणीतून, हे आता सेक्रेटरींनाच विचारते.