रेसलमेनियातील लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणावे का?

प्रश्न : रेसलमेनिया, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा दरवर्षीचा कुस्तीचा मोठा सोहळा. त्याविषयीच्या मराठी लिखाणात तिथल्या लढतींना कोणी ‘नुरा कुस्ती’ म्हणते, कोणी ‘लुटुपुटूची लढाई’, तर कोणी सरळ ‘खोटी कुस्ती’. निकाल आधी ठरलेला असतो, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मग यांपैकी नेमका शब्द कोणता?

उत्तर : माझ्या मते तिन्ही शब्द चुकतात.

‘नुरा कुस्ती’ हा शब्द उत्तरेकडून आला आणि आपल्या राजकीय बातम्यांमध्ये चांगलाच रुळला. दोन पैलवानांनी आतून संगनमत करायचे आणि निकाली कुस्ती पाहायला आलेल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायची, हा त्याचा गाभा आहे. फसवणूक काढून घेतली तर त्या शब्दात काही उरत नाही. एके काळी तो इथे काही अंशी लागू पडला असता, कारण निकाल ठरलेला असतो हे मल्ल चारचौघांत कबूल करत नसत. परंतु १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे खुद्द कंपनीनेच हे मनोरंजन असल्याचे सांगितले. ज्याला सारे ठाऊक आहे आणि तरीही जो तिकीट काढून येतो, त्याची फसवणूक कशी होणार?

‘लुटुपुटूची’ हा मुलांच्या खेळातला गोड शब्द आहे. त्यात कोणाला लागत नाही. इथे लागते. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेसनरने अंडरटेकरला हरवले, त्याच लढतीत अंडरटेकरच्या डोक्याला जबर मार बसला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. निकाल ठरलेला होता, मार ठरलेला नव्हता. रेसलमेनियातील २१ विजयांनंतरची ती त्याची पहिली हार होती आणि पडद्यावर ‘२१-१’ असे आकडे झळकले, तेव्हा प्रचंड स्टेडियम सुन्न झाले होते. त्या शांततेला ‘खोटी’ म्हणणे मला तरी जमणार नाही.

मी ‘रंगवलेली कुस्ती’ असे सुचवीन. लढत ‘रंगते’ हा आपला रोजचा प्रयोग आहे. ‘रंगवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. रंगवणे मल्लांच्या हाती असते, रंगणे मात्र प्रेक्षकांवाचून होत नाही, आणि रेसलमेनियाचे सारे मर्म या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आहे. १७ मार्च २००२ रोजी टोरांटोत रॉक हा नायक आणि हल्क होगन हा खलनायक, अशी मांडणी होती. दोघे समोरासमोर उभे राहिले, एकमेकांवरची नजर काढून त्यांनी चहूबाजूंच्या गर्दीकडे पाहिले, आणि पहिल्याच झटापटीत होगनने रॉकला मागे ढकलून पाडताच स्टेडियम दणाणून गेले. ज्याची हुर्यो उडायची त्याला लोकांनी डोक्यावर घेतले होते! लढत जिंकली रॉकनेच, पण तिचा रंग लोकांनी बदलला, आणि दोघे मल्ल त्या रंगाप्रमाणे खेळले. ही जाण मला कोणत्याही डावाइतकीच मोलाची वाटते.

प्रतिप्रश्न : पण ‘कुस्ती रंगली’ असे आपण कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या लढतीलाही म्हणतो. मग गोंधळ होणार नाही का?

उत्तर : ‘रंगली’ हे दोन्हीकडे चालेल, कारण तो प्रेक्षकांचा अनुभव आहे. ‘रंगवली’ हे निकाली कुस्तीविषयी म्हटले, तर मात्र तो आरोप ठरेल. तिथे ‘नुरा’ हाच शब्द योग्य, कारण तिथे खरोखर फसवणूक आहे. उलट रेसलमेनियाबद्दल दोन्ही रूपे हवीत. २०१६ साली आर्लिंग्टनमध्ये रोमन रेन्सने ट्रिपल एचला हरवून विजेतेपद घेतले, ते त्याला नायक म्हणून मिरवण्यासाठी. प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली. त्या लढतीविषयी ‘रंगवली, पण रंगली नाही’ असे लिहिता येते, आणि हे ‘नुरा’ किंवा ‘लुटुपुटू’ वापरून सांगता येत नाही.